शांततेची वाट न पाहणारी शाळा

संघर्षग्रस्त समाजातल्या मुलाचे शिक्षण एका दिवसात बंद पडत नाही, ते टप्प्याटप्प्याने तुटत जाते. आधी रस्ता धोक्याचा होतो आणि मुलींना घरी ठेवले जाते. मग शिक्षक बदली मागतो किंवा यायचाच थांबतो. शाळेच्या खोल्यांत कधी सुरक्षा दलांचा तळ पडतो, तर कधी घरे गेलेल्या कुटुंबांचा संसार मांडला जातो. कुटुंबाने गाव सोडले की मुलाचा दाखला मागे राहतो. नव्या ठिकाणी शाळा असते, पण तिथली भाषा वेगळी असते, मुलाचे वय वर्गापेक्षा वाढलेले असते आणि घराला त्याच्या मजुरीची गरज लागलेली असते. शांतता होऊन शाळेचे कुलूप निघते, तेव्हा ते मूल विद्यार्थी उरलेले नसते.

जगात अशा मुलांची संख्या मोठी आहे. आपत्तीतील शिक्षणासाठी २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली निधी स्थापन झाला. त्याच्या २०२५ च्या अंदाजानुसार युद्ध, विस्थापन आणि आपत्तीची झळ बसलेली शालेय वयाची मुले सुमारे २३ कोटी ४० लाख होती आणि त्यांपैकी साडेआठ कोटी मुले शाळेबाहेर होती. तरीही मदतकार्यात अन्न, निवारा आणि औषधे यांच्यानंतर कधीतरी शाळेचा क्रमांक लागतो. हा क्रम चुकीचा आहे. पाडलेले घर दोन वर्षांनी पुन्हा बांधता येते, पण आठव्या वर्षी चुकलेले वाचन अठराव्या वर्षी भरून काढणारी माणसे फार थोडी असतात. संकट ओसरल्यावर नव्हे, संकट चालू असतानाच शाळा चालली पाहिजे. ती कशी चालते, हे महाराष्ट्राने स्वतःच्या इतिहासात अनेकदा पाहिले आहे.

माकणीचा परिसर

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात तेरणेच्या काठी माकणी वसले आहे. निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण याच गावाजवळ आहे. आजचा हा परिसर संघर्षग्रस्त म्हणता येणार नाही. पण गेल्या शंभर वर्षांत इथल्या मुलांची शाळा अनेकदा तुटली आणि अनेकदा जोडली गेली. निजामी राजवटीतील दडपशाही, १९४७-४८ मधील हिंसाचार, १९७८ नंतरचा नामांतराचा संघर्ष आणि १९९३ चा भूकंप या सगळ्यांतून तेरणेचे खोरे आणि त्याभोवतीचा मराठवाडा गेला आहे. भूकंप हा माणसामाणसांतला संघर्ष नव्हे. तरी छप्पर, पालक, शाळा आणि कागद एकदम गमावलेल्या मुलाची गरज दोन्ही प्रसंगी जवळजवळ सारखीच असते. म्हणूनच युद्ध, विस्थापन आणि नैसर्गिक आपत्ती यांतील शिक्षणाचा विचार जगभर एकत्र केला जातो.

याच तालुक्यातल्या हिप्परगा गावात असहकाराच्या काळात, १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. त्या वेळी हा परिसर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे शिक्षणाचा विस्तार मुळातच तोकडा होता. वरच्या इयत्तांचे माध्यम उर्दू होते आणि १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे होते. बहुसंख्य मुलांची घरची भाषा मराठी, कानडी किंवा तेलुगू होती. खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे आणि त्या परवानगीवर राजकीय संशयाची सावली असे. शेतकऱ्याच्या मुलासाठी माध्यमिक शिक्षण म्हणजे घर सोडून दूर जाणे आणि परक्या भाषेत शिकणे.

या परिस्थितीत हिप्परग्याच्या शाळेने मराठीतून शिकवायला सुरुवात केली. १९२९ मध्ये व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक तिथे आले आणि मुख्याध्यापक झाले. संन्यास घेतल्यानंतर हेच शिक्षक स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखले जाऊ लागले आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. बाबासाहेब परांजपे यांनीही याच शाळेत शिकवले. १९३५ मध्ये स्वामीजी अंबाजोगाईला योगेश्वरी विद्यालयात गेले. औरंगाबादचे सरस्वती भुवन, हैदराबादचे विवेकवर्धिनी, गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय अशा संस्थांनीही तेच काम वेगवेगळ्या ठिकाणी केले.

हिप्परग्याचा अनुभव एक गोष्ट स्पष्ट दाखवतो. दडपशाहीच्या काळात शाळा टिकते ती गावाने तिला आपली मानल्यामुळे. इमारत साधी होती, पैसा तुटपुंजा होता आणि परवानगीचा प्रश्न सतत डोक्यावर होता. पण गावकऱ्यांनी जागा आणि धान्य दिले, शिक्षक मुलांमध्येच राहिले आणि शिकवण्याची भाषा घरातलीच होती. वरून हुकूम काढून उघडलेली शाळा पहिल्या दंगलीत बंद पडते. गावाने उभी केलेली शाळा बंद पाडायची तर आधी साऱ्या गावाच्या विरोधात जावे लागते.

प्रवेश देणारे विद्यापीठ

१९३८ च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत वंदे मातरम् म्हणण्यावरून वाद पेटला. औरंगाबादच्या महाविद्यालयातही त्याचे पडसाद उमटले. बंदी मान्य न करणाऱ्या शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले आणि संस्थानातली इतर महाविद्यालये त्यांना दाराशी उभे करीनात. अशा वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या विद्यार्थ्यांना प्रवेश दिला. काढून टाकलेल्या विद्यार्थ्यांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते.

या प्रसंगाकडे सहसा देशभक्तीची गोष्ट म्हणून पाहिले जाते. शिक्षणाच्या दृष्टीने त्याचा अर्थ अधिक व्यावहारिक आहे. त्या विद्यार्थ्यांना अनुदान किंवा इमारतीपेक्षाही एका गोष्टीची निकड होती. दुसऱ्या राज्यातल्या एखाद्या संस्थेने त्यांचे आधीचे शिक्षण ग्राह्य धरायला हवे होते, म्हणजे वर्ष वाया गेले नसते. नागपूरने ते केले. आज युद्धग्रस्त देशांतून परतलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपुढे किंवा सीमेपलीकडून आलेल्या निर्वासित मुलांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहतो. विस्थापित विद्यार्थ्याला संस्था देऊ शकते अशी पहिली मदत म्हणजे त्याचे मागचे शिक्षण मान्य करणे, आणि त्यासाठी पैसा जवळजवळ लागत नाही.

१९४८ : दोन्ही बाजूंची मुले

१९४७ च्या उत्तरार्धात संस्थानातला संघर्ष विकोपाला गेला. निजामसमर्थक रझाकारांच्या टोळ्यांनी गावे लुटली, जाळली. उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या अनेक कुटुंबांनी सोलापूर आणि बार्शीच्या बाजूला, भारतीय संघराज्याच्या हद्दीत आसरा घेतला. सरहद्दीवर मुक्तिसंग्रामाच्या छावण्या उभ्या राहिल्या आणि कित्येक तरुणांनी शिक्षण सोडून त्यांत उडी घेतली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. नळदुर्ग पहिल्याच दिवशी हाती आले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली.

मराठवाड्यात १७ सप्टेंबर हा मुक्तिदिन म्हणून साजरा होतो आणि तो योग्यच आहे. पण त्या दिवसानंतरच्या आठवड्यांत याच जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर सूडाचे हल्ले झाले, हेही तितकेच खरे आहे. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात दौरा केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे समितीने नमूद केले आणि संस्थानातील एकूण मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. अनेक दशके हा अहवाल सर्वसामान्य वाचकाला उपलब्ध नव्हता.

शिक्षणाच्या विचारात या दोन्ही घटना शेजारी शेजारी ठेवणे आवश्यक आहे. रझाकारांनी घर जाळलेल्या कुटुंबातला मुलगा आणि सूडाच्या लाटेत बाप गमावलेला मुलगा या दोघांचेही वय आठ-नऊ वर्षांचे असू शकते. दोघांचीही शाळा सुटली. दुसऱ्याच्या बाबतीत आणखी एक भिंत उभी राहिली. राज्यकारभाराची आणि शिक्षणाची भाषा उर्दूवरून प्रादेशिक भाषांकडे वळली. बहुसंख्य मुलांसाठी हा बदल न्यायाचा होता. पण उर्दूत शिकलेल्या घरांसाठी तो एका फटक्यात झाला आणि त्यांना सावरून घेणारी शिक्षणाची सोय पुरेशी झाली नाही. एका मुलावरचा अन्याय दूर करताना दुसऱ्या मुलाला वर्गाबाहेर ठेवण्याची गरज नसते. संघर्षानंतरच्या शिक्षणव्यवस्थेची खरी कसोटी पराभूत बाजूच्या मुलांना ती कसे वागवते यावर लागते.

१९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्याची साक्षरता दहा टक्क्यांच्या आसपास होती. त्याच सुमारास नांदेडला पीपल्स कॉलेज आले, औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आले आणि १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. मराठवाड्यातली पहिली शिकलेली पिढी या संस्थांनी घडवली.

निर्वासितांच्या शाळा

१९४० च्या दशकात महाराष्ट्राच्या इतर भागांत निर्वासितांच्या शिक्षणाची दोन वेगळी उदाहरणे घडली. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हद्दीतून बाहेर पडलेल्या पोलिश नागरिकांसाठी कोल्हापूरजवळ वळिवडे इथे छावणी उभारण्यात आली. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. छावणीत पोलिश भाषेच्या प्राथमिक आणि माध्यमिक शाळा होत्या. देश उद्ध्वस्त झालेला असूनही ती मुले आपल्या भाषेत, आपल्याच शिक्षकांकडून आणि आपल्या अभ्यासक्रमाने शिकत राहिली. युद्ध संपल्यावर ती जगभर पांगली, तेव्हा त्यांच्यासोबत पूर्ण झालेल्या इयत्ता होत्या.

दुसरे उदाहरण फाळणीचे आहे. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातल्या प्राध्यापकांनी मुंबईत येऊन १९४८ मध्ये जयहिंद कॉलेज सुरू केले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांनी उल्हासनगर वसवले आणि बराकींमध्येच मुलांना शिकवायला सुरुवात केली. विस्थापित समाजाबरोबर त्याचे शिक्षकही विस्थापित झालेले असतात. त्यांना कामाला लावले, तर शाळा सुरू व्हायला महिनोन्महिने लागत नाहीत. निर्वासितांसाठी शाळा काढताना बाहेरचे शिक्षक शोधण्याआधी छावणीतच कोण शिकवू शकते हे पाहायला हवे.

घरे जळालेल्या वस्त्या

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यातल्या अनेक गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली आणि माणसे मारली गेली. कित्येक कुटुंबांना गाव सोडावे लागले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला तेव्हा पंधरा वर्षे उलटून गेली होती. १९७८ मध्ये पहिलीत असलेले मूल तोवर बाविशीला पोचले होते.

हा संघर्ष विद्यापीठाच्या नावावरून झाला, पण त्याचा घाव शाळेत जाणाऱ्या मुलांवर बसला. सवर्ण वस्तीतून जाणारा शाळेचा रस्ता त्या मुलांसाठी बदलला. ज्या मास्तरांच्या गल्लीतून दगड आले, त्यांच्याच वर्गात बसायचे होते. संघर्ष दोन देशांत किंवा सैन्य आणि बंडखोर यांच्यातच होतो असे समजणे चुकीचे आहे. गावातल्या गावात, जातीच्या रेषेवर झालेल्या हिंसाचारानंतर मुलाला शाळेत परत आणणे अधिक अवघड असते, कारण संघर्षाच्या दोन्ही बाजू एकाच वर्गखोलीत बसलेल्या असतात. शिक्षक कोणाच्या बाजूचा नाही, ही खात्री त्या मुलाला वर्गातल्या रोजच्या वागणुकीतून मिळावी लागते. शासनाने काढलेल्या परिपत्रकाने ती मिळत नाही.

१९९३ : तेरणेच्या खोऱ्यातला धडा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपाने हादरला. दगडमातीच्या जाड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे दगावली. पूर्ण उद्ध्वस्त झालेल्या गावांचे नव्या जागी पुनर्वसन करावे लागले. जागतिक बँकेच्या कर्जातून नवी गावे वसली, त्यांचे रस्ते सरळ झाले आणि घरे भूकंपरोधक झाली.

त्याआधी शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरल्या. पत्रा सकाळी दहापासून तापायला लागतो आणि दुपारी आत बसवत नाही. पावसाळ्यात त्यावर पडणाऱ्या सरींच्या आवाजात फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकाचे बोलणे तिसऱ्या रांगेपर्यंत पोचत नाही. पुस्तके ढिगाऱ्याखाली गेली की एक पुस्तक तिघांत फिरते. तरीही हजेरी घेतली जाते, पाढे म्हटले जातात आणि बाहेर चुलीवर खिचडी शिजते. घरातली माणसे गेलेल्या मुलाला रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी जायचे असते, एवढी एकच गोष्ट त्या दिवसांत त्याच्या हाती उरते. म्हणूनच आपत्तीतल्या मुलांच्या मानसिक आरोग्याची काळजी घेणारी व्यवस्था सर्वांत स्वस्तात हवी असेल, तर ती शाळेतूनच उभी राहते.

या खोऱ्यात मुलांसाठी झालेल्या कामाच्या तीन वाटा दिसतात. भारतीय जैन संघटनेने शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुले पुण्याला नेली आणि वाघोलीत त्यांच्या निवासाची व शिक्षणाची सोय केली. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी पन्नालाल सुराणा यांच्या नेतृत्वाखाली नळदुर्गजवळ अनाथ झालेल्या मुलांसाठी ‘आपलं घर’ उभे केले. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचे अण्णा ताम्हणकर मदतकार्यासाठी आले आणि लोहारा तालुक्यातल्या हराळीत राहिले. तिथे शेती आणि कामातून शिक्षण देणारी निवासी शाळा उभी राहिली.

तिन्ही वाटा आवश्यक होत्या, पण त्यांचे परिणाम सारखे नव्हते. पुण्याला नेल्याने मुलाला तात्काळ सुरक्षितता, चांगले शिक्षक आणि मोठ्या शहराचे दार मिळते, मात्र त्याची भाषा, नातेवाईक आणि गावाशी असलेले नाते विरळ होत जाते. नळदुर्गची सोय जिल्ह्यातलीच होती, त्यामुळे सणासुदीला मामा-मावशीकडे जाता येत होते. हराळीसारखी शाळा भूकंपग्रस्तांपुरती उरली नाही, ती परिसराचीच झाली आणि पुढच्या पिढ्यांनाही मिळाली. संकटात उघडलेल्या शाळेने संकटानंतर परिसराची शाळा व्हावे, हे मदतीचे सर्वांत चांगले रूप आहे. मुलाला दूर नेणे ही पहिल्या काही महिन्यांची तजवीज असू शकते. तिला कायमची योजना करणे मुलाच्या हिताचे नाही.

गडचिरोली आणि काश्मीर

महाराष्ट्रात सशस्त्र संघर्षाची सर्वांत लांब सावली गडचिरोलीवर पडली. १९८० च्या दशकापासून तिथले आदिवासी नक्षलवादी आणि पोलीस यांच्या कात्रीत सापडले. एका बाजूला खबरी ठरण्याची भीती होती आणि दुसऱ्या बाजूला समर्थक ठरण्याची. नद्या-नाले, दाट जंगल आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते यांमुळे शिक्षक पोचणेच कठीण होते.

संघर्ष पेटण्याआधीच भामरागड तालुक्यातल्या हेमलकसा इथे बाबा आमटे यांच्या प्रेरणेने १९७३ मध्ये लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे दवाखाना उभा केला आणि १९७६ मध्ये आश्रमशाळा सुरू झाली. सुरुवातीला माडिया मुलांना शिक्षकांचे मराठी समजत नसे. म्हणून शिक्षकांनाच माडिया शिकावी लागली. दवाखान्यावरचा विश्वास शाळेच्या कामी आला. वसतिगृह असल्यामुळे मूल रोज धोक्याच्या रस्त्यावरून चालत नव्हते. प्रकल्पाने कोणत्याही सशस्त्र गटाची बाजू घेतली नाही, त्यामुळे संघर्षाच्या काळातही तिथले वर्ग चालू राहिले. विश्वास, भाषा, निवास आणि तटस्थता या चारही गोष्टी एकत्र आल्या की आघाडीवरच्या भागातही शाळा टिकते, असे हेमलकसा सांगतो.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये २००५ नंतर सलवा जुडूम या नक्षलवादविरोधी सशस्त्र मोहिमेच्या काळात शाळांच्या इमारती पाडल्या गेल्या आणि काहींमध्ये सुरक्षा दले उतरली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये शाळा आणि वसतिगृहे रिकामी करण्याचे आदेश दिले. शाळा नसलेल्या मुलांसाठी राज्याने बांबू-प्लायवूडच्या निवासी शाळा उभारल्या. तिथले लोक त्यांना पोटा केबिन म्हणतात. इमारत तात्पुरती असली तरी शिक्षण तात्पुरते नसावे, ही त्यामागची भूमिका रास्त होती. शाळेत बंदूक आली की शाळा लक्ष्य बनते, हे तत्त्व न्यायालयाच्या आदेशाने अधोरेखित केले. २०१५ मध्ये ऑस्लो इथे अनेक देशांनी स्वीकारलेल्या सुरक्षित शाळांच्या जाहीरनाम्याचा गाभाही तोच आहे.

मुले दूर नेणे आणि त्यांच्याच भागात सोय उभी करणे, या दोन्ही वाटा पुण्याने काश्मीरसाठी चोखाळल्या. सरहद संस्थेने संजय नहार यांच्या पुढाकाराने काश्मीरमधली मुले पुण्यात शिकायला आणली. अधिक कदम यांच्या बॉर्डरलेस वर्ल्ड फाउंडेशनने मात्र २००२ पासून थेट कुपवाड्यात अनाथ मुलींसाठी ‘बसेरा-ए-तबस्सुम’ उभे केले. मुलींच्या बाबतीत दुसरी वाट अधिक उपयोगी पडते. लांब पाठवायचे म्हटले की पालक नकार देतात, पण गावाजवळ सुरक्षित घर आणि त्यात स्त्री कार्यकर्ती असेल तर मुलगी शाळेत येते. संघर्षात आधी मुलीची शाळा सुटते आणि सर्वांत शेवटी तीच परत येते, म्हणून सोयींची आखणी तिच्या गरजेपासून सुरू व्हायला हवी.

दाखल्याचा प्रश्न

मदतीच्या चर्चेत कागदाला फारसे स्थान मिळत नाही. प्रत्यक्षात मुलाचे शिक्षण अनेकदा कागदावरच अडते. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर असते. त्यात मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, जात, प्रवेशाचा आणि शाळा सोडल्याचा दिनांक लिहिलेला असतो. त्यावरूनच दाखला निघतो, जन्मतारीख सिद्ध होते, जातीच्या प्रमाणपत्राला आधार मिळतो, शिष्यवृत्ती मिळते आणि वसतिगृहात जागा मिळते. रजिस्टर जळाले, ढिगाऱ्यात गेले किंवा मागे राहिले की मुलाची ओळखच पुसली जाते.

त्या नोंदींचे मोल मराठवाड्याला अलीकडे पुन्हा कळले. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठा समाजाच्या कुणबी नोंदींसाठी निजामकालीन कागदपत्रांचा शोध सुरू केला तेव्हा जुन्या शाळांच्या रजिस्टरांपर्यंत शोध जाऊन पोचला. शंभर वर्षांपूर्वी एखाद्या मास्तरांनी लिहिलेल्या एका ओळीवर आज पणतूचा हक्क ठरतो. तेव्हा विस्थापित मुलाची नोंद सुरक्षित ठेवणे हे शैक्षणिक मदतीतले दुय्यम काम मानता येणार नाही.

कायदा याबाबत मुलाच्या बाजूने आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. कलम ४ नुसार शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला योग्य वर्गात घ्यावे लागते आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. कलम ५ नुसार दाखला उशिरा मिळाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. आंतरराष्ट्रीय बालहक्क संहिता भारताने १९९२ मध्ये स्वीकारली असून तिचे २८ वे कलम शिक्षणाचा हक्क प्रत्येक बालकाला देते. कायदा पुरेसा आहे, अडचण आहे ती शाळेच्या दारात कायदा माहीत नसण्याची.

आक्षेप आणि उत्तर

या मांडणीवर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की जीव वाचवायचा असताना शाळेचा विचार चैनीचा आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. शाळेत असलेले मूल मोजता येते, त्याला जेवण आणि लस देता येते, त्याची चौकशी होते. शाळेबाहेरचे मूल टोळ्यांच्या भरतीला, बालमजुरीला आणि बालविवाहाला सहज सापडते. शाळा जीव वाचवणाऱ्या मदतीचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप असा की अशांत भागात शाळा कोणत्या ना कोणत्या बाजूचे प्रचारकेंद्र बनते. ही भीती खरी आहे. म्हणूनच गावाची समिती, मातृभाषेतले शिक्षण आणि खुली पाठ्यपुस्तके यांची गरज असते. शाळा बंद ठेवल्याने प्रचार थांबत नाही, तो रस्त्यावर होतो आणि त्याला प्रश्न विचारणारे कोणी नसते.

तिसरा आक्षेप पैशाचा आहे. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्याच हाताशी आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी बीड, धाराशिवसारख्या जिल्ह्यांत हंगामी वसतिगृहे चालतात. आईवडील कारखान्याला गेले तरी मूल गावातच राहते आणि शिकते. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची कल्पना राज्याने आणली. कार्ड घेऊन गेलेल्या मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसवून घ्यायचे असते. विस्थापित मुलासाठी लागणारी यंत्रणा म्हणजे हीच दोन साधने, जरा वेगाने वापरलेली. नवे खाते उघडण्याची गरज नाही.

काय करायला हवे

प्रत्येक जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा असतो. त्यात शिक्षणाचे वेगळे प्रकरण असावे. दंगल, विस्थापन किंवा आपत्ती घडल्यापासून किती दिवसांत वर्ग सुरू होतील, हे त्यात नेमके लिहिलेले असावे. छावणीतल्या शिक्षित स्त्री-पुरुषांना मानधनावर शिकवण्याचे अधिकार गटशिक्षणाधिकाऱ्यांना असावेत. जनरल रजिस्टरांच्या प्रती तालुक्याबाहेर सुरक्षित ठेवल्या जाव्यात. शाळेच्या खोल्यांत निवारा द्यावाच लागला, तर वर्ग कुठे भरतील हे त्याच आदेशात नमूद असावे. सुरक्षा दलांना शाळेत मुक्काम देऊ नये. ज्या मुलांची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी आहे, त्यांच्यासाठी पहिल्या दिवसापासून त्या भाषेचा एक शिक्षक असावा. मुलींसाठी प्रवासाची आणि मुक्कामाची सोय आधी व्हावी.

हिप्परगा, नागपूर, वळिवडे, नळदुर्ग, हराळी आणि हेमलकसा या ठिकाणी जे झाले ते बहुतेक काही माणसांच्या इच्छाशक्तीने झाले. जिथे अशी माणसे वेळेवर भेटली नाहीत, तिथली मुले नोंदीविनाच निसटली. शिक्षणाचा हक्क घटनेने दिला आहे, तेव्हा तो चांगला माणूस भेटण्यावर अवलंबून ठेवणे योग्य नाही. जिल्हा परिषदेने, ग्रामसभेने आणि शाळा व्यवस्थापन समितीने आपल्या गावासाठी हे नियोजन शांततेच्या काळातच लिहून ठेवावे. माकणी परिसराकडे त्यासाठी लागणारा अनुभव आहे. तो कागदावर उतरवून दर वर्षी शाळा सुरू होताना तपासून पाहण्याचे काम आता तरी सुरू व्हावे.